तक्त्यात नसलेलं नाव : जपानमधल्या मिश्र मार्शल आर्ट्सचे वजनगट आणि विजेते



इतिहासात आपण मुलांना वंशावळी देतो, भूगोलात पर्जन्यमानाचे तक्ते देतो. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. तक्ता म्हणजे पाठ करायची गोष्ट, त्याला उलट प्रश्न विचारायचे नसतात, ही सवय फार लवकर लागते. म्हणून या वेळी आठवी-नववीची मुलं स्वतःहून पुढे ओढतील असा तक्ता घेतला आहे. जपानमधल्या मिश्र मार्शल आर्ट्सचे विजेते, वजनगटानुसार. मुलं याला ‘एमएमए’ म्हणतात. ठोसे, लाथा, कुस्तीची पकड आणि जमिनीवर अडकवायचे डाव, सगळं एकाच लढतीत. मला स्वतःला या लढती फार वेळ बघवत नाहीत. वर्गात व्हिडिओ दाखवायची गरजही नाही. फळ्यावरचा तक्ता पुरतो.

आधी ‘प्राइड’ या संस्थेचा तक्ता घेऊ. ११ ऑक्टोबर १९९७ रोजी टोकियो डोममध्ये तिची पहिली स्पर्धा झाली आणि एप्रिल २००७ मध्ये शेवटची. सबंध इतिहासात पट्टे चारच :

हेवीवेट (९३ किलोच्या वर) : आंतोनियो रोद्रिगो नोगेरा, ब्राझील (२००१), फेडोर एमेलियानेन्को, रशिया (२००३ पासून शेवटपर्यंत)
मिडलवेट (९३ किलोपर्यंत) : वांडरले सिल्वा, ब्राझील (२००१), डॅन हेंडरसन, अमेरिका (२००७)
वेल्टरवेट (८३ किलोपर्यंत) : डॅन हेंडरसन (२००५)
लाइटवेट (७३ किलोपर्यंत) : ताकानोरी गोमी, जपान (२००५)

एवढं फळ्यावर लिहा आणि थोडा वेळ गप्प बसा. कोणीतरी विचारेलच : सर, संस्था जपानची, प्रेक्षक जपानचे, मग पाच विजेत्यांत जपानी एकच कसा? आणि तोही सगळ्यात हलक्या गटात? पहिलं उत्तर ठरलेलं असतं. जपानी कमी पडले. ते उत्तर खोडू नका, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मग सांगा की नावांचा रकाना सोडून आता फक्त वर्षांचा रकाना वाचा.

वरचे दोन पट्टे २००१ चे आहेत, खालचे दोन २००५ चे. म्हणजे पहिली चार वर्षं पट्टाच नव्हता, आणि पुढची चार वर्षं पट्ट्यासाठी लढायचं तर ९३ किलोच्या गटात नाहीतर त्याच्याही वर. ज्याचं वजन ८०-८५ किलो, त्याने काय करायचं?

इथे काझुशी साकुराबाची गोष्ट सांगायची. प्राइडचा हा सर्वांत लाडका खेळाडू, पण वरच्या तक्त्यात त्याचं नाव नाही. वजन साधारण ८५ किलोच्या आसपास. मूळचा कुस्तीगीर, मग व्यावसायिक कुस्तीत आलेला. ब्राझीलच्या ग्रेसी घराण्याचा तेव्हा जगभर दबदबा होता. या घराण्यातल्या चार जणांना साकुराबाने १९९९ आणि २००० या दोन वर्षांत हरवलं. त्यातली रॉइस ग्रेसीबरोबरची लढत १ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये झाली. पंधरा-पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या, म्हणजे नव्वद मिनिटं ती चालली आणि अखेर ग्रेसीच्या बाजूने टॉवेल टाकला गेला. मुलांना इथे थांबवून विचारा, यानंतर तो माणूस काय करेल? घरी जाईल, झोपेल. पण ती खुल्या वजनाची स्पर्धा होती. साकुराबा त्याच संध्याकाळी पुन्हा रिंगणात उतरला, आणि समोर इगोर वोव्हचान्चिन, त्याच्याहून बराच जड. तिथेही तो पंधरा मिनिटं टिकला. मग त्याच्याच बाजूच्या लोकांनी माघार घेतली.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये वांडरले सिल्वाने त्याला दोन मिनिटांच्या आत हरवलं. ३ नोव्हेंबर २००१ रोजी पहिल्या मिडलवेट पट्ट्यासाठी हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. पहिल्या फेरीत साकुराबाचं खांद्याजवळचं हाड मोडलं, डॉक्टरांनी लढत थांबवली आणि पट्टा सिल्वाकडे गेला. ऑगस्ट २००३ मध्ये तिसरी लढत झाली, निकाल तोच. ८३ किलोची रेघ प्राइडने ओढली ती २००५ मध्ये. तोवर साकुराबा ३६ वर्षांचा झाला होता आणि शरीराने हे सगळं सोसलं होतं. पुढच्याच वर्षी तो दुसऱ्या संस्थेत गेला.

रेघ आधी ओढली असती तर तो जिंकलाच असता का? ते कोणी सांगू शकत नाही. मुलांनाही तसं म्हणू देऊ नका, ‘जर-तर’ हा पुरावा नसतो. पण विजेत्यांची यादी बनायच्या आधी कोणीतरी गटांच्या रेघा ओढलेल्या असतात, आणि कोणाला संधी मिळेल ते बरंचसं तिथेच ठरतं, एवढं मात्र पुराव्यानिशी म्हणता येतं. कोपऱ्यातलं ‘जपानी कमी पडले’ आता परत वाचून घ्या.

जपानमध्ये तेव्हा बारीक रेघा ओढणारं कोणी नव्हतं, असंही नाही. ‘टायगर मास्क’ म्हणून गाजलेल्या सातोरू सायामाने १९८० च्या दशकातच ‘शूटो’ सुरू केलं होतं. तिथे ५६, ६०, ६५, ७०, ७६, ८३ किलो असे जवळजवळचे गट होते, त्यामुळे लहान चणीच्या खेळाडूंना जागा मिळाली. उलट १९९३ मध्ये मासाकात्सु फुनाकी आणि मिनोरू सुझुकी यांनी सुरू केलेल्या ‘पँक्रेस’मध्ये सुरुवातीला एकच पट्टा होता, तो खुल्या वजनाचा. डिसेंबर १९९४ मध्ये केन शॅमरॉक त्याचा पहिला मानकरी झाला. नोव्हेंबर १९९९ मध्ये युकी कोंडोकडून हा पट्टा सेमी शिल्टने घेतला. शिल्टची उंची २ मीटर १२ सेंटिमीटर! वर्गाच्या दारात उभा राहिला तर डोकं चौकटीला लागेल. पुढे पँक्रेसनेही वजनगटांचे पट्टे सुरू केले.

मात्र एकच चावी प्रत्येक कुलपाला लावू नये. शूटोचा रुमिना सातो घ्या. जानेवारी १९९९ मध्ये त्याने सहा सेकंदांत उडी मारून हाताचा डाव टाकला आणि लढत संपवली. लोकप्रियता अफाट. त्याच्या वजनाचा गट होता, पट्टा होता, त्यासाठी लढायची संधी पुन्हा पुन्हा मिळाली. दोनदा काओरु उनोकडून आणि डिसेंबर २००१ मध्ये गोमीकडून तो हरला. शूटोचा जागतिक पट्टा त्याला कधीच मिळाला नाही. इथे दोष रेघेचा नव्हता. साकुराबा आणि सातो दोघेही यादीत नाहीत, पण कारणं वेगळी. चर्चेला हे दोघे शेजारी-शेजारी ठेवा, मुलं छान वाद घालतात.

आता नावांचा घोळ. गोमी शूटोमध्ये ‘वेल्टरवेट’ विजेता होता आणि प्राइडमध्ये ‘लाइटवेट’. नुसती नावं वाचली तर वाटतं, गडी खालच्या गटात उतरला, वजन कमी केलं असणार. आकडे बघा. शूटोचं वेल्टरवेट ७० किलोचं, प्राइडचं लाइटवेट ७३ किलोचं. मर्यादा तीन किलोंनी वर गेली! हेंडरसनचंही तसंच. फेब्रुवारी २००७ मध्ये त्याने सिल्वाला हरवलं आणि प्राइडचे दोन पट्टे एकाच वेळी त्याच्याकडे आले. त्याच वर्षी प्राइड अमेरिकन मालकांच्या हाती गेली. मग ९३ किलोचा ‘मिडलवेट’ पट्टा घेऊन तो यूएफसीच्या ‘लाइट हेवीवेट’ विजेत्याशी लढला आणि ८३ किलोचा ‘वेल्टरवेट’ पट्टा घेऊन तिथल्या ‘मिडलवेट’ विजेत्याशी. दोन्ही हरला. गणिताच्या तासाला इथे मस्त उदाहरण मिळतं. अमेरिकेतली मर्यादा २०५ पौंड आणि १८५ पौंड. एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलो. गुणाकार मुलांकडूनच करून घ्या, म्हणजे नावं वेगळी आणि वजन जवळपास तेच हे त्यांना आपोआप दिसेल. शिवाय ८३ वरून ९३ म्हणजे १० किलोंचा फरक, साधारण १२ टक्के. ५७ वरून ६१ म्हणजे ४ किलो, साधारण ७ टक्के. किलोत मोजायचं की टक्क्यांत, हा प्रश्नही विचारून बघा.

हे ५७ आणि ६१ मी ‘रिझिन’मधून घेतले. प्राइड चालवणाऱ्या नोबुयुकी साकाकिबारा यांनीच २०१५ मध्ये ही संस्था उभी केली. पहिली तीन वर्षं इथेही पट्टे नव्हते. ३१ डिसेंबर २०१८ च्या रात्री पहिले पट्टे दिले गेले : ६१ किलो गटात क्योजी होरिगुची आणि महिलांच्या ४९ किलो गटात अयाका हामासाकी. दोघेही जपानी. प्राइडच्या तक्त्यात ज्या वजनांची ओळच नव्हती, तिथेच हे दोन पट्टे आले. महिलांची तर एकही ओळ नव्हती. होरिगुची ज्याच्या तालमीत घडला तो नोरिफुमी ‘किड’ यामामोतो सप्टेंबर २०१८ मध्ये अवघ्या ४१ व्या वर्षी गेला होता. त्याच्या ऐन उमेदीच्या काळात जपानच्या मोठ्या व्यासपीठावर इतका हलका गट नव्हता, म्हणून किड ७० किलोच्या गटात आपल्याहून मोठ्यांशी लढत राहिला. तिथली २००५ ची स्पर्धा त्याने जिंकली, हे त्याचं कर्तृत्व. शिष्याने डिसेंबर २०२३ मध्ये ५७ किलोचा पहिला पट्टाही मिळवला.

आता पालकांसाठी थोडं. रेघा बारीक झाल्या की न्याय वाढतो, पण रेघेच्या खाली बसायची धडपडही वाढते. खेळाडू वजन मोजण्याआधी अंगातलं पाणी घालवतात आणि नंतर भरून काढतात. हे धोकादायक आहे, मोठ्यांसाठीसुद्धा. तुमचं मूल कुस्ती, जुदो किंवा तायक्वांदो खेळत असेल आणि ‘दोन किलो उतरव, खालच्या गटात पदक पक्कं’ असं कोणी सांगत असेल, तर तो निर्णय मुलावर आणि प्रशिक्षकावर सोडू नका. डॉक्टरांना विचारा. वाढीच्या वयात पाणी आणि जेवण तोडून वजन उतरवणं मला तरी अजिबात मान्य नाही, पदक गेलं तरी चालेल.

पॅरिसला विनेश फोगाटचं १०० ग्रॅमने काय झालं ते मुलांना माहीत असतं, म्हणून रिझिनच्या ६६ किलो गटातली ही एक नोंद त्यांना लगेच कळेल. विजेता होता क्लेबर कोईके. जून २०२३ मध्ये साप्पोरोच्या लढतीआधी तो काट्यावर उभा राहिला आणि ४०० ग्रॅम जास्त भरला. पट्टा तिथेच गेला. लढत मात्र ठरल्याप्रमाणे २४ जूनला झाली, आणि कोईकेने चिहिरो सुझुकीला पहिल्याच फेरीत हाताच्या डावात अडकवून शरण आणलं. अधिकृत निकाल : लढत रद्दबातल. ३० जुलैला वुगार केरामोव्हने मिकुरू आसाकुराला हरवून तो रिकामा पट्टा घेतला. तक्त्यात कोईकेनंतर थेट केरामोव्हचं नाव येतं, पण हे दोघे त्या पट्ट्यासाठी एकमेकांशी लढलेच नाहीत. दोन नावांच्या मधे एक ओळ मोकळी सोडा आणि तिथे काय लिहायचं ते मुलांना ठरवू द्या.