देवमाशांचे व डॉल्फिनांचे सामुदायिक मृत्यू

तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ, तुतिकोरिन जिल्ह्यात, मणपाडु व तिरुचेंदूर ही समुद्रकाठची गावे आहेत. जानेवारी २०१६ मध्ये तेथील वाळूवर ८० हून अधिक देवमासे येऊन पडले. ते आखूड परांचे पायलट देवमासे होते. कोळ्यांनी व सरकारी कर्मचाऱ्यांनी रात्रभर खपून कित्येकांना खोल पाण्यात लोटले; परंतु त्यांपैकी काही पुन्हा किनाऱ्याकडेच वळले. अखेरीस सुमारे ४५ देवमासे मृत्यू पावले. विशेष हे की, ह्याच किनाऱ्यावर जानेवारी १९७३ मध्ये त्याच जातीचे १४७ देवमासे अशाच रीतीने येऊन मेले होते. ४३ वर्षांच्या अंतराने एकाच ठिकाणी, एकाच महिन्यात अशी घटना का घडावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात उभा राहील.

हा प्रश्न फार जुना आहे. डॉल्फिन किनाऱ्यावर येऊन पडतात आणि त्याचे कारण उमगत नाही, अशी नोंद सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटल ह्या ग्रीक पंडिताने केली होती. आज ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी देता येते; मात्र ते उत्तर एक नसून अनेक आहेत.

एकट्याचा मृत्यू आणि समूहाचा मृत्यू

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावर देवमासा अथवा डॉल्फिन वाहून आल्याचे वृत्त अधूनमधून येते. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंड्यास सुमारे ४० फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत स्थितीत किनाऱ्यास लागला व तेथेच मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिलू आले; त्याला समुद्रात परत नेण्यासाठी लोकांनी मोठे कष्ट घेतले, तरी ते वाचले नाही. अशा एकेकट्या घटनांमागे आजार, आईपासून झालेली ताटातूट, जाळ्यात अडकणे किंवा जहाजाचा आघात अशी कारणे असू शकतात. त्यांना सामुदायिक मृत्यू म्हणता येत नाही.

सामुदायिक मृत्यूचेही दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात एक संपूर्ण कळप एकाच वेळी किनाऱ्यावर चढतो. मणपाडुची घटना ह्या प्रकारची होय. दुसऱ्या प्रकारात प्राणी समुद्रातच मरतात आणि त्यांची प्रेते महिनोन्महिने निरनिराळ्या किनाऱ्यांस लागत राहतात. पहिल्या प्रकारात मेलेले प्राणी पुष्कळदा निरोगी असतात, तर दुसऱ्यात बहुधा रोग वा विष आढळते.

कळप किनाऱ्यावर का चढतो?

देवमासा हा नावाचाच मासा आहे. तो सस्तन प्राणी असून फुप्फुसांनी श्वास घेतो व पिलांना दूध पाजतो. पाण्याबाहेर त्याचा श्वास चालू राहतो, तरीही तो जगत नाही. पाण्यात असताना त्याच्या प्रचंड शरीराचा भार पाणी तोलून धरते. वाळूवर तोच भार त्याच्या फुप्फुसांवर व स्नायूंवर पडतो. दबलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करतात. शिवाय त्वचेखालच्या जाड चरबीमुळे अंगातील उष्णता बाहेर पडत नाही आणि प्राणी आतल्या आत तापतो. म्हणूनच उशिरा समुद्रात लोटलेला देवमासा वरवर धडधाकट दिसला, तरी नंतर मरू शकतो.

पायलट देवमाशांच्या कळपात आई, तिची अपत्ये व नातवंडे आयुष्यभर एकत्र राहतात. कळपातील एक प्राणी आजारी पडून उथळ पाण्यात गेला, तर बाकीचे त्याला सोडून जात नाहीत. खोल समुद्रात जे प्रेम त्यांचे रक्षण करते, तेच उथळ किनाऱ्यावर त्यांच्या नाशास कारण होते. त्यातच दातांचे देवमासे व डॉल्फिन स्वतः काढलेल्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून मार्ग शोधतात. वाळूचा किनारा अगदी मंद उताराचा असला, तर प्रतिध्वनी नीट परत येत नाही आणि पुढे जमीन आहे हे त्यांना कळत नाही. मग ओहोटी लागली की परतीची वाटच उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील मॅक्वारी बंदरात सप्टेंबर २०२० मध्ये सुमारे ४७० पायलट देवमासे असेच अडकले. त्यांतील सुमारे ११० वाचविता आले. काही किनारे अशा घटनांसाठी जणू सापळेच ठरतात, हे त्यांच्या पुनरावृत्तीवरून दिसते.

विषाणू आणि विष

१९८७–८८ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ७४० हून अधिक डॉल्फिन मृत्युमुखी पडले. प्रारंभी ह्याचा दोष सूक्ष्म शैवालांपासून निघणाऱ्या विषाला देण्यात आला. परंतु त्या वेळी मृत प्राण्यांच्या अवयवांचे नमुने जपून ठेवलेले होते. पुढे काही वर्षांनी ते पुन्हा तपासले असता त्यांत गोवराच्या विषाणूशी जवळचे नाते असलेला एक विषाणू आढळला. २०१३–१५ मध्ये त्याच विषाणूने त्याच किनाऱ्यावर पुन्हा थैमान घातले व १६०० हून अधिक डॉल्फिन मेले. मधल्या पंचवीस वर्षांत पूर्वीच्या साथीतून वाचलेली पिढी ओसरली होती. नव्या पिढीत रोगप्रतिकाराची शक्ती नव्हती. नमुने जपले नसते, तर पहिला निष्कर्ष चुकीचाच राहिला असता.

म्हणून शैवालांचे विष निरुपद्रवी आहे असे मात्र नव्हे. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेतील केप कॉडजवळ १४ कुबड देवमासे थोड्या आठवड्यांत मेले. त्यांनी खाल्लेल्या बांगड्याच्या जातीच्या माशांत हे विष होते. २०१५ मध्ये चिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर ३४० हून अधिक सेई देवमासे मृत आढळले, त्याचाही संबंध विषारी शैवालांच्या वाढीशी जोडण्यात आला आहे.

मनुष्यकृत कारणे

मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ देवमासे व डॉल्फिन किनाऱ्याला लागले. त्याच सुमारास अमेरिकी नौदलाची जहाजे पाणबुड्यांचा शोध घेणारी ध्वनियंत्रे वापरीत तेथून गेली होती, आणि ह्या यंत्रांचा घटनेशी संबंध असल्याचे अमेरिकी शासनाच्याच चौकशीत मान्य झाले. २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नाविक कवायतींच्या वेळी १४ चोचीचे देवमासे किनाऱ्यास लागले. त्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे सापडले; पाणबुडे घाईने वर आल्यास त्यांना जी व्याधी जडते, तिच्याशी ह्याचे साम्य आहे. २००४ मध्ये स्पेनने तेथे अशा यंत्रांच्या वापरास बंदी केली व त्यानंतर त्या बेटांवर तशी सामुदायिक घटना घडली नाही. कारण दूर केले असता परिणाम थांबतो, ह्याचा इतका स्पष्ट दाखला क्वचितच मिळतो.

रासायनिक प्रदूषणाचा परिणाम अधिक संथ असतो. लहान जिवांतून लहान माशांत, त्यांतून मोठ्या माशांत आणि अखेर डॉल्फिनाच्या चरबीत कारखान्यांतील द्रव्ये साठत जातात. मादी ती द्रव्ये दुधावाटे आपल्या पहिल्या पिलाला देते. १९९० पासून भूमध्य समुद्रात पट्टेरी डॉल्फिनांत विषाणूची साथ पसरली, तेव्हा मेलेल्या प्राण्यांत अशा द्रव्यांचे प्रमाण फार मोठे आढळले. विषाने रोगप्रतिकाराची शक्ती दुबळी केली व विषाणूने शेवट केला, असे येथे संभवते. एका कारणाआड दुसरे कारण दडलेले असते ते असे.

ह्यांत आता उष्णतेची भर पडली आहे. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ब्राझीलमधील टेफे सरोवर दुष्काळाने आटले, पाण्याचे तपमान ३९ अंश सेल्सियसच्या वर गेले आणि दीडशेहून अधिक नदी-डॉल्फिन मेले.

नागरिकांचे कर्तव्य

भारतात सर्व देवमाशांना व डॉल्फिनांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, आणि किनाऱ्यास लागलेल्या समुद्री प्राण्यांसंबंधी केंद्र शासनाने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. असा प्राणी दृष्टीस पडल्यास प्रथम वन विभागास कळवावे. जिवंत प्राण्याला शेपटीने अथवा परांनी ओढू नये. त्याला पोटावर सरळ राहू द्यावे, अंगावर ओली फडकी घालून सावली करावी. परंतु डोक्यावरील नासारंध्रात पाणी अगर वाळू जाऊ देऊ नये. गर्दी व गोंगाट टाळावा. प्राणी मेलेला असल्यास तज्ज्ञ येईपर्यंत त्याला पुरू नये, कारण कुजण्यापूर्वी घेतलेला नमुनाच मृत्यूचे कारण सांगू शकतो.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांचा ह्या विषयाशी काय संबंध, असे वाटणे शक्य आहे. बंगळूर शहरातील कोरमंगला समुद्रापासून कितीतरी दूर, सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. पण तेथील खोऱ्याचे पाणी व त्याबरोबर शहराचे सांडपाणी बेळ्ळंदूर तलावात उतरते. ह्या तलावावरील फेस व त्याला लागलेल्या आगी साऱ्या देशाने पाहिल्या आहेत. तेथून तो प्रवाह वर्तूर तलावातून दक्षिण पिनाकिनी नदीस मिळतो, आणि ती नदी तमिळनाडू ओलांडून कडलूरजवळ बंगालच्या उपसागरात जाते. मणपाडुच्या देवमाशांचा मृत्यू ह्या पाण्याने झाला, असे म्हणण्यास काहीही आधार नाही. तथापि सांडपाण्यातील ज्या नत्राने व स्फुरदाने तलावात जलपर्णी माजते, त्यांच्याच भरीने समुद्रात शैवाले माजू शकतात. पठारावरच्या घरातील मोरीचे पाणीही शेवटी समुद्रालाच मिळते, आणि देवमाशाला राहावयास दुसरे घर नाही.