दुरून जागा होणारा राउटर

आपल्या इंदूरचे पाणी कोठून येते, हे लहान मुलासही ठाऊक आहे. निमाडात जलूद येथे नर्मदेचे पाणी उचलून सुमारे ७० किलोमीटर दूर, माळव्याच्या पठारावर चढवावे लागते. ही सोय १९७८ साली झाली. तथापि गंभीर नदीवरील यशवंतसागर नगरीने म्हणून सोडून दिला नाही. राउटर दूरच्या संगणकावरून सुरू करण्याची विद्या शिकताना वाचकांनी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे.

राउटर म्हणजे संगणकांच्या निरोपांना वाट दाखविणारे यंत्र. त्याची आज्ञावली बहुधा त्याच्याच फ्लॅश स्मृतीत असते. ती स्मृती बिघडली, की यंत्र मुके होते. वसतिगृहातील राउटर अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी असा बसला, तर एखाद्या मुलाचे वर्ष जाते. अशा वेळी आज्ञावली कार्यालयातील संगणकावरून तारेने आणता येते.

त्यासाठी बूटपी व टीएफटीपी हे दोन संकेत आहेत. पहिला १९८५ साली क्रॉफ्ट व गिलमोर यांनी मांडला. आपला पत्ता ठाऊक नसलेले यंत्र तारेवरील सर्वांना हाक घालते. उत्तरात त्यास पत्ता व फाइलीचे नाव मिळते. दुसऱ्याचा १९८१ सालचा मसुदा कॅरन सॉलिन्स यांनी लिहिला. त्यात फाइल ५१२ बाइटांच्या तुकड्यांनी येते, प्रत्येक तुकड्याची पोच द्यावी लागते, आणि त्याहून लहान तुकडा आला की फाइल संपली असे समजावयाचे. इतका सोपा असल्यामुळेच तो राउटरच्या चिमुकल्या रॉममध्ये मावतो.

मात्र यात परवलीचा शब्द नाही. म्हणून हा संगणक बाहेरच्या जाळ्यास कधीही उघडा ठेवू नये. शिवाय ती हाक दुसऱ्या राउटरपलीकडे सहसा जात नाही. तेव्हा संगणक त्याच तारेवर हवा.

खरी मेख वीज गेल्यावर कळते. वीज परत आली, की राउटर क्षणात जागा होतो. संगणकास मात्र मिनिटे लागतात. त्यातून संगणकाने आपला पत्ता त्याच राउटरकडून घ्यावयाचा, अशी मांडणी केली असेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतील! तेव्हा संगणकास पत्ता हाताने व कायमचा द्यावा, आणि दोन्ही यंत्रे बॅटरीवर ठेवावीत.

सिस्कोच्या अनेक राउटरांत 'बूट सिस्टिम' ही आज्ञा एकाखाली एक लिहिता येते, व यंत्र त्याच क्रमाने प्रयत्न करते. प्रथम टीएफटीपी लिहावे, खाली फ्लॅश लिहावे, आणि मांडणी जतन करावी. फ्लॅश चांगली असेल, तर हाच आपला यशवंतसागर. घरगुती राउटरांत ही सोय बहुधा दुरुस्तीपुरतीच, बटण दाबून ठेवल्यावर मिळते.

सर्व झाल्यावर संगणकाची तार मुद्दाम काढून राउटर बंद-चालू करून पाहावा. तो फ्लॅशवरून उठला, तरच काम पुरे झाले. ही परीक्षा मात्र मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत घेऊ नये.