मातिसचे ‘संभाषण’ : रंगांची मूक भाषा

गेल्या वर्षी चित्रकलेच्या तासाला एका विद्यार्थ्याने आपल्या आजीची खोली रंगविली. भिंत निळी, खाट निळी, जमीनही निळीच. “भिंत अशी असते काय?” असे विचारून आम्ही त्याला ते चित्र पुन्हा काढावयास लावले. पुढे आंरी मातिस (१८६९–१९५४) या फ्रेंच चित्रकाराच्या ‘संभाषण’ या चित्राची छापील प्रत आमच्या पाहण्यात आली आणि आमचा प्रश्नच चुकला होता, हे ध्यानी आले.

१९०८ ते १९१२ या काळातील हे चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. रुंदी २१७ सेंटिमीटर, उंची १७७. डावीकडे पट्ट्यापट्ट्यांचा रात्रीचा पोशाख घातलेला पुरुष ताठ उभा आहे. उजवीकडे काळसर झग्यातील स्त्री खुर्चीत बसली आहे. हे स्वतः मातिस व त्यांची पत्नी आमेली. नाव ‘संभाषण’, परंतु बोलताना कोणीच दिसत नाही.

मग बोलतो कोण? रंग. भिंत गर्द निळी आणि खुर्चीही त्याच निळ्या रंगाची. छाया नाही, खोली नाही. हा निळा वस्तूंचा नव्हे, तर त्या दोघांमध्ये दाटलेल्या अबोल्याचा आहे. पुरुषाचे पट्टे त्या निळ्याशी नाते सांगतात. स्त्रीचा काळा रंग वेगळा उरतो. मधल्या खिडकीतून हिरवी बाग दिसते. पण त्या दोघांचे तिच्याकडे लक्ष नाही.

विद्यार्थिमित्रांनो, या चित्राची प्रत मिळाल्यास खिडकीवर तळहात ठेवून पाहा. खोली कोंदट होईल. मग भिंत पिवळी आहे अशी कल्पना करा. तीच माणसे सकाळच्या सहज गप्पांत रमलेली वाटतील. मात्र निळा म्हणजे दुःख, असे सूत्र पाठ करू नका. श्रीकृष्णाचा निळा वर्ण आपणांस आनंदच देतो. रंगाला अर्थ येतो तो शेजारच्या रंगामुळे आणि प्रसंगामुळे.

त्या विद्यार्थ्याला आम्ही नंतर जवळ बोलावून विचारले. त्याची आजी त्याच पावसाळ्यात वारली होती. यापुढे चित्र तपासताना आम्ही आधी कारण विचारू, मग गुण देऊ.