तोट्यातली फेरी बंद करायची का? शहर बसचं गणित, आपल्या धुळ्याच्या रस्त्यावर



या आठवड्याच्या व्हिडिओत मी फळ्यावर जे गणित मांडलं, ते बऱ्याच जणांना व्हिडिओ थांबवून लिहून घ्यावं लागलं असेल. म्हणून तेच इथे सावकाश देतो. वही आणि कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

विषय आहे शहर बस. तुम्ही म्हणाल, भाऊ, आम्ही किराणावाले, कपडेवाले, मोबाईलवाले. आम्हाला बसचं काय? सांगतो.

माझं ड्रेस मटेरियल आणि साड्यांचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे अवधानकडची एक मुलगी कामाला होती. पगार ९,००० रुपये. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याला सुती दाखवायचं की सिल्क, हे तिला बरोबर कळायचं. पण यायला दोन शेअर रिक्षा, जायला दोन. रोजचे ८० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर २,०८० रुपये, म्हणजे पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा रस्त्यातच. आणि खरी अडचण पैशाची नव्हतीच. रात्री साडेआठला रिक्षा भरेपर्यंत सुटायची नाही. घरचे काळजी करायचे. एक दिवस ती म्हणाली, "दादा, उद्यापासून नाही जमणार." मी पगार वाढवायला तयार होतो. पण तिला पगार नको होता, साडेआठची गाडी हवी होती. ती माझ्या हातात नव्हती.

ती गेल्यावर त्या दिवाळीत माझ्या साडी काउंटरची विक्री पडली. तेव्हापासून मी बसचं गणित शिकायला लागलो.

धडा १: बसचे दोन खर्च

बसचा हिशोब किलोमीटरवर होतो. एक किलोमीटर चालवायला किती खर्च आला आणि एका किलोमीटरमागे किती उत्पन्न आलं, हे दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे. बस किती भरली याला आपली एसटी "भारमान" म्हणते.

आता एक मिडी बस घ्या. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुमच्या भागातले टाकून बघा.

स्थिर खर्च, म्हणजे बस आगारात उभी असली तरी लागणारा: चालक-वाहकांचे पगार, गाडीचा हप्ता, विमा. समजा रोज ५,००० रुपये.

बदलता खर्च, म्हणजे चाक फिरलं तरच लागणारा: डिझेल, टायर, ऑइल. समजा किलोमीटरला २५ रुपये.

बस रोज १५० किलोमीटर धावली:
बदलता खर्च १५० × २५ = ३,७५० रुपये
एकूण खर्च ८,७५० रुपये
प्रवासी ४००, सरासरी तिकीट १५ रुपये, उत्पन्न ६,००० रुपये
तोटा २,७५० रुपये

आता बैठक होते. कोणीतरी म्हणतं, तोटा होतोय, फेऱ्या कमी करा. दुपारच्या आणि रात्रीच्या फेऱ्या कापल्या. बस १०० किलोमीटरवर आली.

बदलता खर्च २,५०० रुपये
एकूण खर्च ७,५०० रुपये
प्रवासी मात्र ४०० वरून २४० वर आले, कारण परतीची खात्री नाही म्हटल्यावर सकाळचा माणूसही रिक्षात बसला
उत्पन्न ३,६०० रुपये
तोटा ३,९०० रुपये

बघा काय झालं. खर्च १,२५० रुपयांनी वाचवला आणि उत्पन्न २,४०० रुपयांनी घालवलं. पुढच्या बैठकीत परत तेच: तोटा वाढला, अजून फेऱ्या कापा. असं करत करत शेवटी बस बंद होते आणि आपण म्हणतो, "आपल्या गावात बस चालतच नाही."

नियम लिहून घ्या: फेरी बंद करायची की नाही हे ठरवताना तिचं उत्पन्न तिच्या बदलत्या खर्चाशी ताडून बघा, एकूण खर्चाशी नाही. वरच्या बसचं उत्पन्न किलोमीटरला ४० रुपये होतं, बदलता खर्च २५. म्हणजे प्रत्येक किलोमीटर १५ रुपये पगार-हप्त्याला हातभार लावत होता. तोच हातभार आपण कापला.

मी हीच चूक दुकानात केली आहे. दुपारी २ ते ४ गिऱ्हाईक कमी म्हणून शटर अर्धं ओढायला लागलो. भाडं तेवढंच, पगार तेवढाच, वाचलं फक्त पंख्याचं बिल. आणि साक्री, शिरपूरकडून दुपारच्या एसटीने येणारी बाई एकदा बंद शटर बघून गेली, ती परत आलीच नाही.

धडा २: शेवटची गाडी

आता हुशार विद्यार्थी विचारेल: रात्री नऊच्या फेरीला सहाच प्रवासी असतील, ती बदलता खर्चही काढत नसेल, मग ती तरी बंद करायची ना?

नाही. साडीला फॉल-पिको करून देण्यात मला काय सुटतं? जवळजवळ काहीच नाही. पण ती सोय आहे म्हणून साडी माझ्याकडे घेतात. नऊची फेरी हा बसचा फॉल-पिको आहे. त्यातले सहा जण सकाळी आले होते, आणि रात्री गरज पडली तर गाडी आहे या भरवशावर आणखी कितीतरी जण येतात. म्हणून हिशोब एका फेरीचा नाही, जाण्या-येण्याच्या जोडीचा करायचा.

धडा ३: किती बस लागतात?

मार्ग घेऊ: अवधान एमआयडीसी, पाच कंदील, पांझरेचा पूल, देवपूरचं दत्त मंदिर, नगावबारी. समजा ९ किलोमीटर. ताशी सरासरी १८ किलोमीटर वेग धरला तर एका बाजूला ३० मिनिटं. दोन्ही टोकांना ५-५ मिनिटं थांबा. पूर्ण चक्कर ७० मिनिटांची.

दर १५ मिनिटांनी गाडी हवी असेल तर ७० भागिले १५, म्हणजे ४.६७. पाच बस लागतील. पाच बसची चक्कर ७५ मिनिटांची धरा, ५ मिनिटं उशीर पचवायला राहतात. शिवाय एक राखीव बस, कारण गाडी बिघडणारच.

आता गंमत बघा. बाजारातली कोंडी आणि थांब्यावरच्या आडव्या गाड्या हटवून चक्कर ६० मिनिटांवर आणली, तर १५ मिनिटांच्या गाडीला चारच बस पुरतात. उशिराची मिनिटं वेगळी ठेवावी लागतील, पण एक अख्खी बस, तिचा चालक, तिचा हप्ता वाचू शकतो. नवीन बस घेण्याआधी रस्ता मोकळा करणं स्वस्त पडतं ते असं.

आणि १५ मिनिटंच का? कारण ते लक्षात राहतं. दर तासाला ००, १५, ३०, ४५. वेळापत्रक छापायचीही गरज नाही. उलट सहा बस सहा मार्गांवर वाटल्या तर वरच्यासारख्या मार्गावर गाडी सत्तर मिनिटांनी येईल. मग थांब्यावरचा माणूस आपल्या अहिराणीत म्हणणारच, "गाडी कव्हय येई, काय भरोसा नही." नगरसेवक सगळे खुश, प्रवासी एकही नाही. आधी एक मार्ग घट्ट करा, मग दुसरा.

धडा ४: आग्रा रोडवरची दोन उदाहरणं

धुळ्यातून आग्रा रोडने खाली गेलं की नाशिक, वर गेलं की इंदूर. दोन्हीकडे धडे आहेत.

नाशिकमध्ये आधी शहर बस एसटी चालवायची. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेच्या कंपनीची "सिटीलिंक" सुरू झाली. बस ठेकेदाराच्या, पैसे किलोमीटरप्रमाणे, तिकिटाचं उत्पन्न कंपनीकडे. याचा फायदा असा की ठेकेदार प्रवासी पळवण्यासाठी शर्यत लावत नाही, रिकाम्या वेळेलाही फेरी मारतो. तोटा मात्र महापालिकेच्या तिजोरीतून भरावा लागतो. आणि वाहकांच्या थकलेल्या पगारावरून गाड्या बंद राहण्याची वेळ तिथे अनेकदा आली. म्हणजे करारात किलोमीटरचा दर लिहून भागत नाही, चालक-वाहकाच्या हातात पगार वेळेवर पडतो की नाही हेही रोज बघावं लागतं. एक दिवस गाडी आली नाही तर महिनाभराचा पासवाला तुटतो.

इंदूरने डिसेंबर २००५ मध्ये बससाठी वेगळी कंपनी काढली आणि २००६ मध्ये गाड्या रस्त्यावर आणल्या. कंपनीने स्वतः बस विकत घेतल्या नाहीत. मार्ग, भाडं, देखरेख कंपनीची. गाड्या खाजगी ऑपरेटरच्या. तिकिटासोबत मासिक पास आणि गाडीवरच्या जाहिराती हेही कमाईचे रस्ते धरले. पास म्हणजे काय? आपल्या भाषेत आगाऊ उधारी फेडणारं गिऱ्हाईक.

आता इलेक्ट्रिक बसचा काळ आहे. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली: दहा हजार बस, चालवण्यासाठी दहा वर्षं आधार, आणि २०११ च्या जनगणनेत तीन लाखांवर लोकसंख्या असलेली शहरं कक्षेत. त्या जनगणनेत धुळे ३,७५,५५९ आणि जळगाव ४,६०,२२८. म्हणजे आकाराने आपण लहान नाही. पण धडा १ आठवा. ई-बस महाग, तिची वीज स्वस्त. स्थिर खर्च जास्त, बदलता कमी. शिवाय अशा करारात सहसा किमान किलोमीटरची हमी असते. म्हणजे ई-बसच्या फेऱ्या कापणं डिझेल बसपेक्षाही जास्त महागात जातं. घेतली तर ती पळवलीच पाहिजे.

धडा ५: रोज बघायचे चार आकडे

१. ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती झाल्या?
२. त्यातल्या किती वेळेवर सुटल्या?
३. किलोमीटरला उत्पन्न किती आलं?
४. कोणत्या थांब्यावर, कोणत्या वेळी किती तिकिटं फाटली?

चौथा आकडा तिकीट मशीन रोज देतं. त्यावरून कळेल की चक्करबर्डीच्या हिरे मेडिकलला सकाळी ओपीडीच्या वेळी गर्दी, देवपूरला कॉलेज सुटताना, अवधानला पाळी बदलताना आणि बाजारात रात्री शटर पडताना. २०१८ च्या हद्दवाढीने अवधान, वलवाडी, महिंदळेसारखी गावं शहरात आली. कर शहराचा, मग गाडीही शहराची हवी.

रिक्षावाल्यांचं काय, हा प्रश्न येणारच. मुख्य रस्त्यावर बस आणि कॉलनीतून थांब्यापर्यंत रिक्षा, अशी वाटणी बसू शकते. त्यांना बैठकीला पहिल्या दिवशी बोलवा, मोर्चा निघाल्यावर नाही.

गृहपाठ

१. तुमच्या दुकानाचा स्थिर आणि बदलता खर्च दोन रकान्यांत लिहा.
२. तुम्ही "तोट्यातली फेरी" म्हणून काय बंद केलंय? होम डिलिव्हरी? रविवारची सकाळ? सुट्टा माल? तिचा हिशोब आजच्या नियमाने परत करा.
३. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: येण्या-जाण्यात किती पैसे, किती वेळ जातो? रात्री घरी कसे जाता?

तिसरा प्रश्न मी तिला कधी विचारलाच नव्हता. विचारला असता तर निदान तिला साडेसातला सोडून सकाळी लवकर बोलावलं असतं. बस आणणं माझ्या हातात नव्हतं, पण दुकानाची वेळ तर माझ्याच हातात होती.

पुढच्या भागात बघू: पास विकायचा तर दर कसा ठरवायचा, आणि दुकानात "मेंबरशिप"ला तेच गणित कसं लागू होतं. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा.