बालगुन्हेगारी : दोष मुलाचा की वस्तीचा?

तेराचौदा वर्षांचा एखादा मुलगा चोरी करताना सापडला की आपल्याकडे दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. "रक्तातच असेल," हे एक. आणि "आईबापांनी लाडावून ठेवला," हे दुसरे. ही दोन्ही वाक्ये बोलणाऱ्याला मोठी सोयीची असतात. दोहोंतही दोष त्या घराच्या उंबरठ्याच्या आतच राहतो. शेजाऱ्याच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचत नाही. समाजशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचा जो विचार केला, तो नेमका या उंबरठ्याबाहेरचा आहे. परस्परांच्या मुलांची चिंता वाहण्यासाठी ज्यांनी एक संस्था उभी केली व चालविली, त्यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

गुन्हेगार हा जन्मतःच तसा असतो, असे इटलीतील सेझारे लोम्ब्रोझो याने १८७६ साली मांडले. कवटीच्या व चेहऱ्याच्या ठेवणीवरून तो ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. शास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. पण तशाच समजुतीचे कटू फळ आपल्या देशाने चाखले आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमातींच्या जमातीच 'गुन्हेगार' ठरविल्या गेल्या, आणि पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. तेथे जन्मलेल्या मुलाने काही करण्यापूर्वीच त्याच्यावर शिक्का बसलेला असे. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. समजूत मात्र अद्याप पुरती गेलेली नाही.

या समजुतीला आकड्यांनी उत्तर मिळाले ते अमेरिकेतील शिकागो शहरात. मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय अमेरिकेत प्रथम १८९९ साली तेथेच स्थापन झाले होते. क्लिफर्ड शॉ व हेन्री मॅके या दोन अभ्यासकांनी त्या न्यायालयाच्या दप्तरातून हजारो मुलांचे पत्ते काढले, शहराच्या नकाशावर मांडले आणि कोणत्या भागात दर शंभर मुलांमागे किती मुले न्यायालयापुढे आली, ते मोजले. १९००-०६, १९१७-२३ व १९२७-३३ अशा तीन कालखंडांची त्यांनी तुलना केली. शहराच्या मध्यभागाजवळ व मोठ्या कारखान्यांच्या आसपास, जेथे घरे पडकी, भाडे कमी आणि बिऱ्हाडे सतत बदलणारी, तेथे प्रमाण सर्वांत अधिक होते. मध्यापासून दूर जावे तसतसे ते उतरत जाई.

याहून मोठा निष्कर्ष पुढेच आहे. या तीसपस्तीस वर्षांत त्या वस्त्यांतील माणसे बदलली. आधी तेथे जर्मन व आयरिश राहत होते. ते गेले, इटालियन व पोलिश आले. पुढे काही भागांत निग्रो कुटुंबे आली. माणसे बदलली, पण वस्तीचे प्रमाण चढेच राहिले. उलट जी कुटुंबे तेथून बाहेर पडून चांगल्या भागात स्थिरावली, त्यांच्या मुलांतील गुन्ह्यांचे प्रमाण खाली आले. दोष रक्ताचा असता तर तो माणसांबरोबर गेला असता; तो जागेवरच राहिला. हे संशोधन १९४२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. जेथे शेजार टिकत नाही, कोणाचे मूल कोणते हे कोणास ठाऊक नसते, आणि मुलाला हटकणारे घराबाहेरचे माणूस उरत नाही, त्या स्थितीला त्यांनी 'सामाजिक विघटन' म्हटले.

येथे वाचक विचारील की, त्याच चाळीतला एक मुलगा बिघडतो आणि दुसरा शिकून मोठा होतो, त्याचे काय? या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या विचारवंतांनी निरनिराळी दिली.

एडविन सदरलँड यांचे म्हणणे असे की, गुन्हा हा शिकला जातो. सुतारकी जशी जवळच्या माणसांकडून शिकावी, तसेच हे. चोरीचे तंत्र आणि चोरीचे समर्थन ही दोन्ही मुलगा संगतीतच आत्मसात करतो. ही संगत किती लहान वयात लागली, किती वेळा व किती काळ घडली आणि किती जिव्हाळ्याची होती, यावर परिणाम अवलंबून असतो. आपण 'संगतीचा परिणाम' म्हणतो, त्यालाच त्यांनी शास्त्रीय रूप दिले.

रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली दुसरी बाजू दाखविली. समाज सर्वांना एकच ध्येय दाखवितो: पैसा मिळवा, मोठे व्हा, परंतु तेथे पोहोचण्याची सरळ वाट सर्वांना सारखी खुली ठेवीत नाही. या ताणातून काहीजण आडवाट धरतात. पण मुले पुष्कळदा चोरलेली वस्तू वापरीतही नाहीत, मोडून फेकून देतात, ते का? आल्बर्ट कोहेन यांनी १९५५ साली उत्तर दिले की, शाळेत भाषा, टापटीप व गुण यांच्या मध्यमवर्गीय मापाने मोजला जाऊन जो मुलगा रोज हरतो, तो आपल्यासारख्या हरलेल्यांची टोळी शोधतो. त्या टोळीत मान मिळतो तो शाळेच्या नेमके उलट वागण्याने.

ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ साली प्रश्नच उलटा केला. मुले गुन्हा का करतात हे विचारण्याऐवजी बहुसंख्य मुले तो का करीत नाहीत, हे विचारावे. कॅलिफोर्नियातील चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून त्यांनी चार बंध सांगितले: आईवडील व शिक्षक यांच्याविषयी ओढ, शिक्षणात व भवितव्यात गुंतलेला जीव, चांगल्या उद्योगात जाणारा वेळ, आणि नियमांवरील श्रद्धा. हे बंध सैल झाले की मूल वाहवते.

या सर्वांत आपणा मोठ्यांना अस्वस्थ करणारा विचार फ्रँक टॅननबाम यांनी १९३८ साली व हॉवर्ड बेकर यांनी १९६३ साली मांडला. खोडी अनेक मुले करतात. पकडले जाते एखादेच. त्याला एकदा 'चोर' म्हटले की शाळा, शेजार, नातेवाईक सर्वजण त्याच नावाने त्याच्याकडे पाहू लागतात. सरळ मुले त्याच्यापासून दूर ठेवली जातात. मग उरते ती फक्त वाईट संगत, आणि शेवटी तो मुलगाही ते नाव स्वीकारतो. शॉ-मॅके यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतला जातो तोही याच अंगाने: पोलिसांची नजर गरीब वस्तीवर अधिक असते, म्हणून दप्तरात तेथील मुले अधिक दिसतात. हा आक्षेप रास्त आहे, व आकडे वाचताना तो ध्यानात ठेवला पाहिजे.

मग करावे काय? शॉ यांनी तिसाव्या दशकातच शिकागोत एक प्रयोग सुरू केला. बाहेरून सुधारक न पाठविता वस्तीतील रहिवाशांनाच पुढे करून त्यांनी क्रीडाकेंद्रे, शिबिरे व सुटून आलेल्या मुलांची देखभाल त्यांच्या हाती दिली. या विचाराला पुढे बळकटी मिळाली. १९९७ साली रॉबर्ट सॅम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच शहरातील ३४३ वस्त्यांतील ८,७८२ रहिवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. शाळा बुडवून कोपऱ्यावर उभ्या असलेल्या मुलांना पाहून शेजारी काही करतील का, असे प्रश्न त्यांनी विचारले होते. जेथे परस्परांवर विश्वास होता व हटकण्याची तयारी होती, तेथे हिंसाचार कमी आढळला. दारिद्र्याचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा फरक उरला.

आपला कायदाही या दिशेने आला आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार अशा मुलाचे नाव, शाळा वा ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मुलाला दोष देणारे शब्द कामकाजात वापरू नयेत, असेही तो सांगतो. सोळा ते अठरा वयातील अतिगंभीर गुन्ह्यांची गोष्ट वेगळी. एरवी प्रकरण संपल्यावर त्याचा डाग त्या मुलाच्या पुढील आयुष्याला लागू नये, अशी तरतूद आहे.

परंतु कायदा डाग पुसतो तो कागदावरचा. माणसांच्या मनावरचा पुसणे त्याला शक्य नाही. ते काम तुमच्याआमच्यासारख्यांचे आहे. शिष्यवृत्तीचे वा वसतिगृहाचे अर्ज समितीपुढे येतात, तेव्हा एखाद्या अर्जाविषयी कोणीतरी हलक्या आवाजात म्हणतो, "हा तोच मुलगा ना?" त्या एका वाक्याने अर्ज बाजूला पडतो. वरील सर्व विचारवंतांचे म्हणणे एकत्र केले, तर त्या क्षणी आपण काय करतो हे स्पष्ट दिसते. आपण त्याची चांगली संगत तोडतो, सरळ वाट बंद करतो, उरलेला बंध सोडवतो आणि शिक्का पक्का करतो. तोच अर्ज मंजूर केला, आणि समितीतील एकाने दर महिन्याला त्या मुलाची विचारपूस करण्याचे पत्करले, तर या चारही गोष्टी उलट घडतात. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. संस्थेचे महोत्सव होत राहतील. पण तिची खरी परीक्षा अशा एखाद्या अर्जाच्या वेळीच होते.