नफ्याचे तीन वाटे



आपल्या धर्मग्रामात कुणाची बेकरी आहे, कुणाचे वर्कशॉप, कुणाचा फुलांचा धंदा. 2013च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यासाठी खर्चणे बंधनकारक केले. आपल्या छोट्या उद्योगांना ते बंधन नाही. मग आपली जबाबदारी संपली का?

1991 साली ब्राझीलमध्ये फोकोलारे चळवळीच्या संस्थापिका कियारा लुबिक यांनी उद्योजकांपुढे नफ्याचे तीन वाटे मांडले : एक गरिबांसाठी, एक देण्याची वृत्ती रुजवण्यासाठी आणि एक धंद्याच्या वाढीसाठी. हा तिसरा वाटा म्हणजे स्वार्थ नव्हे. धंदा बुडाला तर कामगाराची चूलही विझते.

मात्र दानाआधी न्याय येतो. पोप तेरावे लिओ यांनी 1891च्या ‘रेरुम नोव्हारुम’ परिपत्रकात योग्य मजुरी हा कामगाराचा हक्क मानला. मजुरी थकवून आपण चर्चला देणगी दिली, तर ती खरे पाहता कामगारानेच दिलेली असते.

या आठवड्यात आपण आपली हिशेबाची वही उघडू या. कुणाची मजुरी थकली आहे? आपले सांडपाणी कुणाच्या विहिरीकडे जाते? पुढच्या रविवारी वेदीपुढे येण्याआधी यातील एक तरी हिशेब चुकता करू या.