स्टेपनी नसलेल्या गाडीचं पंक्चर

पोर्शे ९११ची पुढची डिकी उघडून स्टेपनी शोधणाऱ्याच्या हाती सीलंटची बाटली आणि एक छोटा कॉम्प्रेसर लागतो. यात कंपनीचा कंजूषपणा नाही. ९९२ पिढीच्या कॅरेरा एसला पुढे २४५/३५ झेडआर २० आणि मागे ३०५/३० झेडआर २१ मापाचे टायर असतात. पुढचं चाक मागे चालत नाही आणि मागचं पुढे. मग एकच स्टेपनी ठेवायची तर कुठली? आपल्याकडेही २०२०च्या नियमदुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर कारमध्ये स्टेपनीची सक्ती उरलेली नाही.

पुण्याच्या एका व्यावसायिकाने अशी गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा सर्व्हिसच्या नोंदी, विमा, रंगाची जाडी असं सगळं तपासलं होतं. पंक्चर झालं तर काय, हा प्रश्न त्यांना पडला तो द्रुतगती मार्गावर. पनवेल मागे पडलं आणि मागच्या डाव्या टायरचा दाब उतरल्याचा इशारा समोर आला. गाडी ओढत नव्हती. खाली उतरून पाहिलं, तर टायर बसलेलाही वाटेना. फूड मॉल फार लांब नव्हता, तेव्हा हळूहळू तिथवर जायचं ठरलं. स्विफ्टचा कुठलाही मालक हेच करतो आणि बहुधा निभावतंही.

इथे निभावलं नाही. ३०५/३० मधला ३० म्हणजे टायरच्या वॉलची उंची रुंदीच्या ३० टक्के, जेमतेम नऊ सेंटिमीटर. ही वॉल इतकी ताठ असते की बरीच हवा गेली तरी बाहेरून पत्ता लागत नाही. आत मात्र ती रिमची कड आणि रस्ता यांच्यात चेंगरत राहते, प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि तापते.

फूड मॉलजवळच्या पंक्चरवाल्याला ट्रेडच्या मधोमध घुसलेला स्क्रू सापडला. त्याने तो पकडीने उपसला, टोचा फिरवून भोक साफ केलं, पट्टी घातली, वरचं टोक ब्लेडने उडवलं आणि थुंकी लावून बुडबुडा येत नाही हे दाखवलं. काम चोख होतं, दाबही टिकला. पुढे पुण्यात बॅलन्सिंगला गाडी नेली तेव्हा दुकानातल्या जाणत्या कारागिराने आग्रह धरून टायर रिमवरून उतरवला. आतून मूठभर काळा चुरा पडला, कॉफीच्या पुडीसारखा. वॉलच्या आतल्या अंगाला गोल पट्टा घासून निघाला होता आणि बोट फिरवलं तर रबराखालचे धागे लागत होते. तो टायर एखाद्या दिवशी वेगात असताना फुटला असता. स्क्रूचं भोक किरकोळ होतं. टायर गेला तो फूड मॉलपर्यंतच्या वाटेवर.

म्हणून आता हे व्यावसायिक भेटेल त्या स्पोर्ट्सकारवाल्याला सांगतात की इशारा आला की वेग उतरवा, सुरक्षित जागा मिळताच थांबा आणि समोरचा दाबाचा आकडा बघा. स्क्रू उपसू नका, बुचासारखं तोच भोक अडवून असतो. दाब हळूहळू उतरत असेल तर नुसत्या कॉम्प्रेसरने हवा भरून जवळचं दुकान गाठता येतं. सीलंट हा त्यानंतरचा उपाय. ते घातल्यावर साधारण ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नसतं. शिवाय ते चिकट द्रव टायरभर पसरतं आणि दाबाच्या सेन्सरलाही लागू शकतं, तेव्हा दुकानात आधीच सांगावं. बाटलीला मुदत असते, ती कुणी बघत नाही. आणि बाटली एका टायरपुरतीच. सप्टेंबर २०२५ मध्ये समृद्धी महामार्गावर भेगा भरण्यासाठी बसवलेल्या धातूच्या नोझलांवरून रात्री गेलेल्या काही गाड्या पंक्चर झाल्या. अशा वेळी दोन चाकं एकदम गेली तर फ्लॅटबेडशिवाय गत्यंतर नाही. गाडी ऑलव्हील ड्राइव्ह असेल तर दोन चाकं उचलून ओढणारं टोइंग तर मुळीच नको.

दुरुस्ती होऊच शकत नाही, हेही खरं नाही. ब्रिटन आणि अमेरिकेतले मापदंड ढोबळमानाने सारखंच सांगतात. भोक ट्रेडच्या मधल्या भागात आणि ६ मिलिमीटरपर्यंतचं असावं, टायर उतरवून आतून तपासावा आणि आतून मशरूम, म्हणजे देठ असलेला पॅच, बसवावा. बाहेरून घातलेली पट्टी घरी पोहोचण्यापुरती. खांद्यावर किंवा वॉलवर भोक असेल तर चर्चाच नको. काही टायरच्या आत आवाज दबवायला स्पंज चिकटवलेला असतो, तो तेवढ्या जागी कापून काढावा लागतो. मशरूम बसवला तरी टायरवरचा वाय, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरचा शिक्का, पूर्वीइतकाच खरा धरावा का? काही टायर कंपन्या धरत नाहीत. मुंबई-पुणे मार्गावर १०० ची मर्यादा पाळणाऱ्याला त्याने फरक पडू नये. ट्रॅकवर जाणाऱ्याने मात्र नवाच घ्यावा.

चाक काढणंही सोपं नाही. जॅक चुकीच्या जागी लावला की खालचं पॅनेल तडकतं. ९११ जीटी३ला चाकाच्या मध्यभागी एकच मोठा नट असतो आणि तो ६०० न्यूटन-मीटरने आवळावा लागतो. साध्या ९११चे बोल्ट १६० ला आवळतात. पान्याला लांब पाइप लावून अंदाजाने आवळण्याचा हा प्रकार नव्हे.

टायर बदलायचा ठरला तर दोन्ही मागचे किंवा दोन्ही पुढचे, अशी जोडी घ्यावी. एकाच बाजूला नवा ट्रेड आला की पावसात गाडी तिरकी वागते. पोर्शेने तपासून मान्य केलेल्या टायरवर एन० किंवा एन१ अशी खूण असते, फेरारीसाठी के असतो. हे टायर आपल्याकडे पटकन मिळत नाहीत, कारण जून २०२० पासून टायरची आयात सरकारी परवान्याखाली आहे. घाईत कुणी गोदामातला जुना माल गळ्यात मारतो. वॉलवरचे चार अंक वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नोव्हेंबर २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत गेला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात कारण ठरलं ते बेफाम वेगाचं, पण टायरच्या वयाने गाडीच्या वागण्यावर परिणाम झाला असावा, असंही नोंदवलं गेलं. ट्रेड तेव्हा कितीही जाड असो, रबर म्हातारं होतंच.

या व्यावसायिकांनी शेवटी मागची जोडी बदलली आणि टायर यायला लागले तेवढे दिवस गाडी घरी उभी ठेवली. तुमच्या गाडीत असं पंक्चर निघालं, तर टायर रिमवरून उतरवताना स्वतः दुकानात उभे राहा आणि आतली बाजू उजेडात दाखवायला सांगा.